सात ते नऊची शांतता

२ जून, सोमवार. सकाळी साडेसहा

नवी वही सुरू. जुनी भोंग्याच्या नोंदींनी भरली.

पाडव्यापासून गावात रोज संध्याकाळी सातला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजतो. सात ते नऊ टीव्ही बंद, मोबाईल बंद. कल्पना माझी, ठराव माझा, समितीची अध्यक्षा मी. दंड ठेवला नाही. दंड भरून माणूस मोकळा होतो. दर रविवारी सकाळी नऊला मी स्वतः पंचायतीच्या स्पीकरवरून नियम मोडणाऱ्यांची नावं वाचते, घर क्रमांकासहित. ज्याचं नाव वाचलं, त्यानं सोमवारपासून आपल्या पाळीच्या दिवशी येऊन भोंग्याचं बटण दाबायचं. तेहेतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्यातून एवढंच शिकले की माणसाला छडीपेक्षा स्वतःचं नाव जास्त लागतं.

काल चौदा नावं होती. महिन्याभरात शून्यावर आणायची. हा संकल्प एक.

संकल्प दोन: शिवांजली. नात. काल पुण्याहून आली. बारावी झाली आहे आणि तिला कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या कथा लिहायचा कोर्स करायचा आहे. खेळांना कथा असते हे मला नवीन. शिवानंदनं, म्हणजे माझ्या मुलानं, अट घातली आहे. तिचं ते गोळ्या झाडण्याचं खेळणं सुटलं असं मी पंधरा जुलैच्या आत लिहून दिलं, तर तो पुण्याची फी भरणार. नाहीतर लातूरला फार्मसी. म्हणाला, आई, तू सांगशील ते.

बरोबर माणसाला विचारलं.

३ जून, मंगळवार

लॅपटॉप मागितला. निमूट दिला. संशयास्पद. लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला.

पोर तशी वाईट नाही. पुण्यात राहूनही मोठ्यांना तुम्ही म्हणते. ही माझीच शिकवण.

संध्याकाळी साडेसहा

विचार केला. न वाचलेल्या पुस्तकावर मी कधी शेरा दिला नाही. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अगाथा म्हणायच्या, आधी वाच, मग नाक मुरड. खेळ एकदा बघून घ्यावा. एकच दिवस.

दिवसा घरात माणसांची ये-जा असते. सात ते नऊ सोयीचं. नियमात ‘मनोरंजनासाठी’ असा शब्द मीच घातला आहे. मी मनोरंजन करणार नाही.

शिवांजलीनं सुरू करून दिला. कानाला हेडफोन लावून दिला, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. मग तिला म्हटलं, तू शेजारी इरम्माच्या कट्ट्यावर जाऊन बस, चार बायकांशी बोल, हे तुझ्या डोळ्यांसमोर नको. गेली.

नऊ वाजता

भयंकर. खेळाचं नाव ‘ब्लॅक वेल’. काळी विहीर. वाळवंटातलं एक शहर. सगळं पाणी एका कंपनीच्या ताब्यात आणि कंपनी जनरल ऑर्लोच्या ताब्यात. आपण म्हणजे एक बंदूकवाली बाई. पहिल्याच फाटकावर शिपाई उभा. मी त्याला स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की बाबा रे, बाजूला हो. त्यानं गोळी घातली. अकरा वेळा.

दहावीचे पेपर तपासल्यासारखी माझी मान आखडली आहे. मत तयार आहे. उद्या पत्र लिहून टाकते.

५ जून, गुरुवार

पत्र लिहिलं नाही. फाटकाच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय मत देणं अप्रामाणिक.

आज फाटक ओलांडलं. शिपायाला मागून गाठावं लागतं. त्यानं शरण यायची संधी तीन वेळा गमावली होती.

७ जून, शनिवार

हिंसा निषेधार्ह आहेच. पण एक नोंद करून ठेवते. यात बकेट नावाचं एक यंत्र आपल्याबरोबर चालतं, बादलीएवढं, आणि माणूस पडला की विनोद करतं. आज एक सैनिक टाकीवरून खाली पडला तेव्हा म्हणालं, याच्या घरी कळवा, आज पाण्याला एक माणूस कमी. मी हसले नाही. फक्त तोंडातला चहा सांडला.

शिक्षकी सवय जात नाही. इंग्रजी वाक्य दिसलं की वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, मग पुढे. खोलीत कुणी नसलं तरी. उकाड्यामुळे खिडकी उघडी ठेवते. हेडफोन असल्यामुळे कुणाला त्रास नाही.

८ जून, रविवार

यादी: नऊ नावं. सारजाबाईचं तिसऱ्यांदा. तिनं परवा बटण दाबताना सगळ्यांदेखत विचारलं की बाई, आमी सात ते नऊ करायचं काय, भिंतीकडं बघायचं का. मी म्हटलं, शांतता ऐका. एकमेकींचं ऐका.

आणि बदल दिसतो आहे. माझ्या खिडकीच्या भिंतीला लागूनच इरम्माचा कट्टा. काल नऊला खिडकीतून पाहिलं तर सहा-सात बायका बसलेल्या. बोलत नव्हत्या. चुगल्या नाहीत, सुनांच्या तक्रारी नाहीत. शिवांजली मधोमध. पोरीला बायकांत बसवण्याचा माझा निर्णय योग्य होता.

११ जून, बुधवार

या खेळात राजकारण फार आहे, आणि खरं सांगायचं तर कच्चं आहे. रेडिओवर एक निवेदक रोज सांगतो, आजही पाणी मुबलक आहे, कृपया नळाकडे पाहू नये. हे मात्र बरोबर जमलं आहे. अशा घोषणा मी उभ्या आयुष्यात ऐकल्या. माकणीचं धरण पाच किलोमीटरवर आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्याचंही भाषण होतं.

पण पुढे कथाकार वाहवत गेला. जनरल ऑर्लो रोज संध्याकाळी एक भोंगा वाजवतो. भोंगा झाला की लोकांनी घरात बसायचं. जे ऐकत नाहीत त्यांची नावं तो रेडिओवरून वाचतो.

अतिशयोक्ती. असं कोणी करत नाही. शिवाय त्याचा हेतू वाईट आहे.

१५ जून, रविवार

यादी: चार. सगळे मळ्यात राहणारे. गावातलं एकही घर नाही.

शिपाई ज्ञानोबा रोज सात ते नऊ फिरून पाहणी करतो. म्हणतो, बाई, बहुतेक घरांना कड्याच लावल्यात, आत कुणीच नसतंय. मी विचारलं, मग माणसं कुठं असतात. तो म्हणाला, असत्यात हिकडंच, तुमच्याच अंगाला. आणि मान खाली घालून हसला. ज्ञानोबाला तंबाखू सोडायला सांगायला हवं.

१७ जून, मंगळवार

डॉक्टर साबीन भेटली. बंडखोरांची पुढारी. पाठ ताठ, भाषा स्वच्छ, फालतूपणा खपवून घेत नाही. या खेळात पहिल्यांदाच मला आपलं माणूस भेटलं. तिच्यासाठी आज पंपहाऊस घेतलं. बावीस जण होते. मोजायचा उद्देश नव्हता, खालती कोपऱ्यात आकडा येतो.

शिवानंदचा फोन. रिपोर्ट काय म्हणतो. सांगितलं, अभ्यास चालू आहे.

१९ जून, गुरुवार

सात वीसला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी संपलेली. बाहेर कट्ट्यावरून एकदम मोठा उसासा आला, वीस-पंचवीस जणांचा. मग सगळे उठून गेले. अंधाराला अजून किती घाबरतात लोक. त्यावर एक व्याख्यान द्यायला हवं.

वैयक्तिक: डॉक्टर साबीनला जखमी अवस्थेत बोगद्यात ठेवून लाइट गेली आहे.

२० जून, शुक्रवार. सकाळी

इरम्मा ताक द्यायला आली. बसली, उठेना. शेवटी विचारलं, बाई, ती डॉक्टरीण जगली का न्हाय वो. काल लाइट गेली आन् जिवाला लई चुटपुट लागली.

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. म्हणजे ही चोरून मालिका बघते. आणि मालिकावाल्यांनी या खेळातली गोष्ट बिनदिक्कत उचललेली दिसते. डॉक्टरीण काय, बोगदा काय. विचारलं, कोणत्या चॅनेलवर. ती म्हणाली, आमच्या चॅनेलवर, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

बावीस तारखेच्या यादीत: इरम्मा, घर क्रमांक बेचाळीस. शेजार शेजाराच्या जागी.

२२ जून, रविवार

यादी: एक. इरम्माच.

तिला वाईट वाटेल म्हणून मी नजर टाळली. पण नाव वाचल्यावर खालून टाळ्या पडल्या. लोक शिस्तीला दाद देतात.

२४ जून, मंगळवार

तामलवाडीहून सहा जणांचं पथक आमचा उपक्रम पाहायला आलं. भोंगा दाखवला, रजिस्टर दाखवलं. सात वाजता मी त्यांना म्हटलं, आता मला समितीचं लेखी काम आहे, तुम्ही गावात फिरा, शांतता अनुभवा. सरपंच बंडप्पानं त्यांना कट्ट्याकडे नेलं.

नऊला निघताना त्यांचा प्रमुख भारावला होता. हात जोडून म्हणाला, बाई, असली शांतता आमी बघितली न्हाय. दीडशे माणूस आन् टाचणी पडली तर ऐकू येईल. आमच्या गावात बी कुणीतरी तुमच्यावानी पाहिजे. मी म्हटलं, तळमळ लागते. तो म्हणाला, व्हय, आन् आवाज बी लागतो.

माझ्या आवाजाचं कौतुक सिस्टर अगाथांनीही केलं होतं. शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

२९ जून, रविवार. दुपारी

यादी: निरंक. कोरा कागद मी स्पीकरवरून वाचून दाखवला. जिल्ह्यात असं दुसरं गाव नसावं.

एवढ्या आनंदात शिवानंदचा फोन. आवाज चढलेला. लॅपटॉपचं खातं त्याच्या नावावर आहे आणि कोण किती खेळतं याचा हिशेब त्याला मेलवर जातो. तो मेल त्यानं आज उघडला. म्हणाला, आई, ती रोज खेळते. सात ते नऊ, एक दिवस चुकत नाही. तू काय करतेस तेव्हा.

म्हटलं, मी समोरच बसलेली असते.

हे शब्दशः खरं आहे.

म्हणाला, मग दिसत कसं नाही तुला. तुझ्या गावात भोंगा आहे म्हणून पाठवली तिला. आता लातूर पक्कं. बारा तारखेला मी घ्यायला येतो.

मी फोन ठेवला. त्याचा स्वर मला आवडला नाही. अशा स्वरात विचारलेल्या प्रश्नाला मी वर्गातही उत्तर देत नसे.

३० जून, सोमवार

शिवांजलीला वडिलांचा फोन आला होता. ती व्हरांड्यात उभी राहून नुसतं हो, हो म्हणत होती. एकदाही म्हणाली नाही की मी खेळत नाही. आत आली, डोळे पुसले, मला विचारलं, आजी, तुम्ही बाबांशी बोलाल ना.

म्हटलं, योग्य वेळी.

संकल्प: उद्या सकाळी सविस्तर पत्र. ‘समितीच्या अभ्यासाकरिता काही तास उपकरण वापरलं गेलं’ असं वाक्य. कुणाकडून, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. कर्मणी प्रयोग यासाठीच असतो.

आज खेळणार नाही.

रात्री सव्वानऊ

थोडाच वेळ. डॉक्टर साबीन अखेर बोगद्यातून सुखरूप बाहेर.

३ जुलै, गुरुवार

पत्राचा तिसरा मसुदा फाडला. अडचण अशी आहे. खरं सांगितलं तर शिवानंद गैरसमज करून घेईल. त्याच्यामार्फत गावाला कळेल. मग समितीचं काय. गावानं माझ्याकडे बघून टीव्ही बंद केला आहे. एका पोरीच्या ॲडमिशनसाठी दोनशे अकरा घरांची शिस्त धोक्यात घालावी का. प्रश्न मोठा आहे. घाईनं सोडवू नये.

शिवाय फार्मसी काही वाईट नसते.

६ जुलै, रविवार

यादी: निरंक. वाचताना कागद उलटा धरला. कोराच होता.

शिवांजली कट्ट्यावर जाताना बरोबर एक वही नेते. आज तिच्या टेबलावर उघडी दिसली. डोकावणं माझ्या स्वभावात नाही, चष्मा तिथं राहिला होता. लिहिलं होतं: ‘बकेटच्या विनोदाला सगळे हसले. नावं वाचायच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त. सारजामावशींना डॉक्टरवर भरवसा नाही. लोकांना बंदुकीपेक्षा नळाचं काय होतं ते हवंय.’

कोर्सची तयारी असावी. मनानंच रचलं असणार. माणसांचं निरीक्षण करते असं दाखवायची पोरांना हौस असते. तरी बरं लिहिलं आहे. हे पोरगं लातूरला गोळ्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार हा विचार क्षणभर आला. पाणी प्यायले.

९ जुलै, बुधवार

ठरवलं. खेळ पूर्ण झाल्याशिवाय काहीही कबूल करायचं नाही. अर्धवट अभ्यासाला किंमत नसते. शेवटची फेरी शनिवारपर्यंत होईल. शिवानंद शनिवारीच येतो आहे. सगळं एकदम मिटेल.

आज सदतीस. गोळ्या जपून वापरायला शिकले आहे.

१२ जुलै, शनिवार. रात्री साडेनऊ

शिवानंद चार वाजता आला. माझ्याशी जेवढ्यास तेवढं. शिवांजलीची बॅग भरून दारात. उद्या दुपारी लातूर.

पावणेसातला मी कपाटाजवळ उभी होते. शिवांजली आली. वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, आजी, शेवटचीच फेरी राहिली ना, तुम्ही संपवून घ्या. बाबांना मी देवळाकडं घेऊन जाते. आणि स्वतः हेडफोन सरळ करून माझ्या कानाला लावला.

याच्यापेक्षा तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

संपवला खेळ. जनरल मेला. शेवटी विहिरीच्या मोठ्या झडपेची चावी आपल्या हातात येते. ती झडप कायमची फोडून पाणी सगळ्यांना मोकळं करायचं, नाहीतर चावी डॉक्टर साबीनच्या हातात द्यायची. बकेट म्हणालं, विचार कर, मला तर झाकणसुद्धा नाही. मी विचार केला नाही. चावी डॉक्टरला दिली. फोडाफोड मला मान्य नाही. शिस्त लागते, आणि शिस्तीला माणूस लागतो.

मग दृश्य बदललं. सकाळ. जनरलच्या खुर्चीवर डॉक्टर साबीन. तोच भोंगा वाजला. तिनं कागद उचलला, नावं वाचायला सुरुवात केली. पहिलंच नाव माझं. खेळात मी हेडमिस्ट्रेस असं नाव घेतलं होतं.

पडदा काळा. नंतर नुसती नावं, ज्यांनी खेळ बनवला त्यांची.

हेडफोन काढला. उद्या रविवार. यादी लिहायची आहे. कागदावर एक ओळ लिहिली. खोडली. परत लिहिली.

१३ जुलै, रविवार. दुपारी

क्रमानं लिहिते.

पहाटे उठून चार पानी निवेदन तयार केलं. पार्श्वभूमी, हेतू, अभ्यासाची पद्धत, निष्कर्ष, राजीनामा. इस्त्रीची साडी नेसले. शिवानंदला म्हटलं, नऊ वाजता पंचायतीपाशी ये. का विचारलं नाही त्यानं, आला. खाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी.

स्पीकर सुरू केला. आधी यादी वाचायची, मग निवेदन, असा क्रम. वाचलं: राजेश्वरी, निवृत्त मुख्याध्यापिका, घर क्रमांक एकेचाळीस. तीन जूनपासून काल बारा जुलैपर्यंत. रोज. सात ते नऊ. लॅपटॉपवर गोळीबाराचा खेळ. नातीनं एकही दिवस खेळलेला नाही.

थांबले. अशा वेळी माणसाला जमाव दिसत नाही म्हणतात. मला स्वच्छ दिसत होता. कोणीही दचकलं नव्हतं. बंडप्पा बशीत चहा ओतत होता. त्यानं फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाला, ते ठाऊक हाय बाई. फुडचं वाचा.

पुढे काही नव्हतंच.

तेवढ्यात सारजाबाई खालून म्हणाली, पर बाई, चावी का दिली तिला. मी पोरीला म्हनत होते, ही बया जनरलच्या वरताण निघंल. शेजारी कोणीतरी म्हणालं, मग काय सगळं पानी वाटंनं सोडायचं व्हतं. सारजाबाई म्हणाली, सोडायचं. त्यावरून दोन तट पडले. ज्ञानोबा झडप फोडण्याच्या बाजूचा. बंडप्पाचं म्हणणं, चावी पंचायतीकडं द्यायला पाहिजे होती, बाईंनी त्यो पर्यायच बघितला न्हाय. सरपंच आहे, दुसरं काय सुचणार.

मी इरम्माला विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी हेडफोन लावत होते.

ती शांतपणे म्हणाली, अय्य बाई, हेडफोन कानाला असतोय. तोंडाला न्हाय.

खिडकी उघडी होती. भोंग्यामुळे गावात दुसरा आवाज नव्हता. चाळीस दिवस मी इंग्रजी वाचलं, मराठीत अर्थ सांगितला, शिपायांना रागावले, बकेटला गप्प बसवलं, आणि हे लोक घरांना कड्या लावून रोज भिंतीला टेकून बसले. जे मी हळू बोलले ते शिवांजली त्यांना समजावून सांगत होती. तामलवाडीच्या माणसांनासुद्धा.

चार पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली. राजीनाम्याचं तोंडी बोलले. बंडप्पा म्हणाला, ते र्‍हाऊ द्या, उद्या बटण दाबायला तेवढं या. नियम हाय.

शिवानंद पारापाशी उभा होता. पोरीला विचारत होता, तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, आजींचं नाव आजींनीच वाचायला हवं होतं, बाबा. मग तो माझ्याकडे वळला. एवढंच म्हणाला, आई, शहात्तर तास.

म्हटलं, लाइट गेली नसती तर अठ्ठ्याहत्तर.

पुण्याची फी त्यानं तिथंच, पाराला टेकून, मोबाईलवरून भरली. सात ते नऊची वेळ नव्हती, चालतं.

संध्याकाळी

शांतपणे विचार केला असता लक्षात येतं की निवृत्तीनंतर माझं अध्यापन खंडित झालेलं नव्हतं. वर्ग फक्त भिंतीपलीकडे होता. एवढी उपस्थिती मला नोकरीतही नव्हती.

१४ जुलै, सोमवार

सातला बटण दाबलं. कडक आहे. बोट दुखलं. इतक्या लोकांनी दाबलं, कोणी बोललं नाही.

१६ जुलै, बुधवार

शिवांजली गेली. लॅपटॉप तिच्याबरोबर, वही पण. जाताना पाया पडली आणि म्हणाली, आजी, आता माझी गोष्ट आधी तुम्हाला वाचायला पाठवीन, नाक नंतर मुरडा. एसटी वळेपर्यंत उभी होते. डोळ्यांत वाळू गेली. रस्त्याचं काम चालू आहे.

संध्याकाळी सातला कट्टा भरला. सवय. मी खिडकीत खुर्ची घेतली आणि त्यांना सांगितलं की खेळ नाही, पण मी माझ्या शालेय जीवनातल्या आठवणी वाचून दाखवीन, त्यात सिस्टर अगाथांचा भाग विशेष बोधप्रद आहे. सारजाबाईनं विचारलं, त्यात कुणी मरतंय का. म्हटलं, नाही. ती म्हणाली, सगळ्या जित्त्या र्‍हात्यात व्हय, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

१८ जुलै, शुक्रवार

आठवणी, दिवस तिसरा. उपस्थिती: इरम्मा. शेजारधर्म म्हणून. पाऊण तासानं वर पाहिलं तर भिंतीला डोकं टेकून घोरत होती. तिला उठवलं नाही. प्रकरण पूर्ण वाचलं.

२० जुलै, रविवार. सकाळी

ज्ञानोबानं आठवड्याची यादी आणली. तीन पानं, पाठपोट. दोनशे अकरापैकी दोनशे नऊ घरं. उरलेल्यांपैकी एक माझं. दुसरं बंद आहे, ते लोक सोलापूरला असतात.

हिशेब केला. दिवसाला एक बटण दाबणार, तर ही यादी फेब्रुवारीपर्यंत पुरते. बंडप्पाला दाखवली. त्यानं बराच वेळ पानं उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, बाई, भोंग्याची मोटर जळाली असं लिवा की. मी म्हटलं, मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही.

रजिस्टरात लिहिलं: भोंगा तांत्रिक कारणास्तव बंद. दुरुस्ती होईपर्यंत सात ते नऊ ऐच्छिक.

संध्याकाळी साडेसात

इरम्माकडे टीव्ही चालू आहे. कुठली तरी मालिका. सासू जिन्यावरून पडली की ढकलली, यावर घरात वाद चाललेला इथपर्यंत येतो. पाहणी करणं माझं काम आहे, म्हणून कट्ट्यावर जाऊन बसले. मनोरंजनासाठी नाही.

तिची खिडकी अर्धीच उघडी असते. सुनेचं ऐकू येतं, सासूचं नाही. उद्या इरम्माला सांगायला हवं, उकाडा फार आहे, खिडकी पूर्ण उघडी ठेवत जा.